घरची अडचण : नाही

सौ. सुलोचना हिस,

एवढं लिहिलं आणि पुढं सवयीनं 'अनेक आशीर्वाद' लिहायला गेलो, तिथं हात थांबला. सोळा वर्षं तुला पत्रं लिहिली ती याच मायन्यानं. आशीर्वाद दिल्याशिवाय कधी सुरुवात केली नाही आणि त्यातला एकही तुला लागला नाही असं दिसतंय. तेव्हा आता नुसतंच लिहितो.

तू गेल्याला आज अठरा दिवस झाले. गडहिंग्लजची माणसं परवाच्या एस.टी.नं गेली. तुझा भाऊ जाताना म्हणाला, चार दिवस चला आमच्याकडं. मी नको म्हणालो. खालच्या ताराक्का, आपल्या घरमालकीण, दोन्ही वेळचं ताट स्वतः घेऊन वर येतात. ताट ठेवतात, दारात थोडा वेळ उभ्या राहतात, मग खाली जातात. मीही त्यांना बसा म्हणत नाही. बसल्या तर कुठं बसवायचं हा प्रश्न आहे. दोन खोल्यांत दोनच खुर्च्या आणि त्यातल्या एकीवर तुझं लुगडं अजून तसंच टाकलेलं आहे.

परवाच टपालानं हेडक्वार्टरचा कागद आला. वरच्या हुद्द्यासाठी माझं नाव निघालंय. नोकरीची समग्र हकीकत नव्यानं लिहून तीन प्रतींत पाठवा, महिनाअखेरच्या आत. मेजरचा लेफ्टनंट कर्नल व्हायचा तर आपण कोण, काय काय केलं, ते पुन्हा एकदा सांगायला लागतं. पहिल्या वेळी ते मी सांगितलंच नव्हतं. तू सांगितलं होतंस. दोन दिवस कागद समोर ठेवून बसलो आणि त्या पहिल्या कागदाचेच दिवस डोळ्यापुढं येत राहिले.

ते जळिताचं वर्ष, अठ्ठेचाळीस साल, गावोगाव घरं पेटवली गेली ते. महायुद्धात मला लष्कराच्या वैद्यकीय खात्यात कमिशन मिळालं होतं ते लढाईपुरतं. लढाई संपल्यावर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि मग सरकारनं सरळ विचारलं, कायम व्हायचं असेल तर अर्ज करा, नाहीतर घरी जा. मी महिन्याची रजा घेऊन आलो. राजारामपुरीतल्या याच खोल्या. तू मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होतीस. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातलं दीड वर्षसुद्धा आपण एका छपराखाली काढलं नव्हतं.

तुझं म्हणणं होतं, आता पुरे. गडहिंग्लजला पेठेत तुझ्या वडिलांची दोन खणांची जागा रिकामी होती, तिथं दवाखाना काढायचा. आसपासच्या खेड्यांत डॉक्टर नाही, अडलेल्या बायकांना बैलगाडीत घालून निपाणीला नेतात आणि वाटेतच त्या जातात, हे तू मला जेवताना सांगितलंस. मी म्हणालो, खोकल्याच्या बाटल्या भरायला मी एवढं शिकलो नाही. तू माझ्याकडं बघितलंस. ''खोकला काय मान्सांस्नी होत न्हाई व्हय?'' एवढंच म्हणालीस आणि भात वाढलास.

तू शाळेत शुद्ध बोलायचीस. जिन्याची शेवटची पायरी चढली की गडहिंग्लजची व्हायचीस. मला ते फार आवडायचं. हेही तुला कधी सांगितलं नाही.

तीन दिवस आपण भांडलो. भांडलो म्हणजे मी बोललो आणि तू भांडी जरा जास्त आवाज करत ठेवलीस. मी देशाचं बोललो, खात्याला माणसं हवीत म्हणालो, पुढं शिकायला मिळेल म्हणालो. यातलं काही खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते आज सांगतो, कारण आता तू मध्येच उठून चुलीकडं जाणार नाहीस. मला घराची भीती वाटत होती. आघाडीवरच्या तंबूत मला रोज कुणीतरी हाक मारत होतं. जखमी माणूस माझा हात धरून ठेवत होता. इथं आलो की मी पाहुणा. पाणी कधी येतं, दूधवाला कोण, किल्ली कुठं टांगायची, सगळं तुला विचारायला लागायचं. तू माझ्याशिवाय राहायला शिकली होतीस आणि चांगलं शिकली होतीस. तुझ्या त्या नीटनेटक्या घरात माझी काही गरज आहे असं मला दिसेना. म्हणून मला जिथं गरज होती तिकडं पळायचं होतं.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी न्हाऊन, केस तसेच ओले पाठीवर सोडून, तू माळ्यावरची पत्र्याची ट्रंक ओढून खाली काढलीस. मला वाटलं, माहेरी निघाली. ट्रंकेत माझी पत्रं होती. सगळी, आघाडीवरची, लष्करी तपासनिसानं ब्लेडनं जागोजाग कापलेली. प्रत्येकावर तू लाल शाईनं नंबर घातला होतास.

''जायाचंच असंल तर नीट जावा,'' तू म्हणालीस. ''अर्धामुर्धा कागद घिऊन गेलासा तर परत पाठिवतील. मग जलमभर माझ्या नावानं बोटं मोडशीला. बसा हितं.''

मी बसलो. त्याआधीच्या दोन दिवसांत मी माझी हकीकत लिहून ठेवली होती, ती तुला दाखवली. पाच ओळी होत्या. अमुक साली भरती, अमुक पलटणीबरोबर ब्रह्मदेशच्या आघाडीवर, जखमींवर उपचार, वर्तणूक समाधानकारक. तू ती वाचलीस आणि पोरींची वही परत करावी तशी माझ्याकडं सरकवलीस. म्हणालीस, यात तुम्ही कुठं आहात? हे तर कुणीही लिहील.

मग पुढचा आठवडाभर शाळा सुटल्यावर तू मला परीक्षेला बसवल्यासारखं बसवायचीस. दवाखाना किती खाटांचा होता? तुमच्या हाताखाली किती माणसं? तुम्ही गेला तेव्हा काय होतं आणि निघाला तेव्हा काय होतं? मी म्हणायचो, ते कोण वाचतंय. तू म्हणायचीस, वाचणाऱ्यानं काय वाचायचं ते त्याचं तो बघेल, तुम्ही सांगा. मला आठवलं नाही की तू पत्र काढायचीस. चौदा नंबर. एकवीस नंबर. माझीच अक्षरं मला वाचून दाखवायचीस आणि मी ती परक्या माणसाची असल्यासारखी ऐकायचो.

एका पत्रात मी लिहिलं होतं की कंदिलाच्या उजेडात नर्सिंग शिपायांना शिरेतनं सलाईन चढवायला शिकवतोय, कारण डॉक्टर मी एकटा आणि माणसं एका वेळी चाळीस येतात. साताऱ्याकडचा एक शिपाई, ज्याला सही करता येत नव्हती, तो महिन्याभरात माझ्यापेक्षा हलक्या हातानं सुई घालायला लागला होता. मी तुला ते गंमत म्हणून लिहिलं होतं. तू तिथं थांबलीस. हे लिहायचं, म्हणालीस. मी हसलो. शिपायांना शिकवलं हे काय लिहायचं, तिथं शस्त्रक्रिया किती केल्या ते विचारतात. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, तुम्ही एकट्यानं केलेलं तुमच्याबरोबर संपलं, आणि हे तुम्ही निघाल्यावरही चालू राहिलं. मास्तरणीचं डोकं. मी नाद सोडून दिला आणि तू ते लिहिलंस.

आणि एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'शस्त्रक्रिया विभागाचा प्रमुख'. तू पत्र बघून म्हणालीस, अकरा दिवस. वरचे साहेब तापानं आजारी होते तेवढे अकरा दिवस. मी म्हणालो, प्रमुख होतो हे खोटं नाही. तू म्हणालीस, मग अकरा दिवस प्रमुख होतो असं लिहा, तेही खोटं नाही. मला राग आला होता. सगळेच वाढवून लिहितात म्हणून मी आवाज चढवला. तू लेखणी खाली ठेवलीस आणि तुझ्या वह्या तपासायला घेतल्यास. तासाभरानं मी अकरा दिवस लिहिले.

शेवटी घरचा रकाना आला. देशात कुठंही, कधीही पाठवलं तर घरची काही अडचण आहे काय, असा. मी खिडकीत उभा होतो. तू पाठमोरी, टेबलाशी. मी म्हणालो, ''लिही. अडचण नाही.''

''न्हाई?'' तू विचारलंस.

''न्हाई की. काय हाय अडचण?''

तू लिहिलंस. मी तुझं तोंड बघितलं नाही. बघायला खिडकीतनं चार पावलं यायला लागलं असतं.

आधी मराठीत, मग आपण दोघांनी मिळून इंग्रजीत केलेला तो मजकूर घेऊन जोशींकडं गेलो. कोर्टाजवळ एका ओसरीवर ते टाइप करायला बसत. जळितात त्यांचं घर गेलं होतं आणि जळत्या घरातनं त्यांनी बाहेर काढला तो टाइपरायटर. त्याच्या एका बाजूचा रंग उडून फोड आले होते. ते काम करत असताना तू त्यांच्याशेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होतीस. घरच्या रकान्यापाशी ते थांबले. वयानं मोठे होते, तुझ्या शाळेत त्यांची मुलगी होती. म्हणाले, ''बाई, हे नक्की ना? एकदा टाइप झालं की खोडता यायचं नाही.''

''नक्की,'' तू म्हणालीस. ''करा टाइप.''

मला त्या वेळी तुझा अभिमान वाटला होता, सुलोचना. सैनिकाची बायको अशी असावी, असं काहीतरी मनात आलं होतं. आज ते आठवलं की लाज वाटते.

पुण्याला निवड मंडळासमोर गेलो तेव्हा मधल्या खुर्चीतल्या कर्नलसाहेबांनी शस्त्रक्रियांचं काहीच विचारलं नाही. त्यांनी तो शिपायांचा मजकूर बोटानं दाखवला. हे कसं केलंत, किती दिवसांत शिकले, चुका किती झाल्या. मी बोलत राहिलो, त्यांनी मध्ये अडवलं नाही. मग म्हणाले, अकरा दिवस असं मोजून लिहिणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय. माझी निवड झाली. मी तार केली. तारेत लिहिलं होतं, 'निवड झाली, पेढे वाट.' तू वाटलेस. हा कागद तुझा होता, हे चार शब्द मी तुला तेव्हाही कळवले नाहीत आणि नंतरच्या दहा वर्षांतही नाहीत. रजेवर आल्यावर एकदा सांगावंसं वाटलं होतं, पण तू मटकी निवडत होतीस आणि ताराक्का बसल्या होत्या. असली कारणं पुरतात माणसाला.

पहिली नेमणूक झाशीला, तिथं क्वार्टर मिळेल म्हणाले होते. दोन वर्षं मिळालं नाही. मिळालं तेव्हा तू मे महिन्याच्या सुट्टीत आलीस, अंगाची लाही होईल अशा उन्हात, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या वॉर्डात येऊन बसलीस. उजवा हात गेलेला एक जवान होता. त्याला तू डाव्या हातानं नाव लिहायला शिकवायला लागलीस. मी राउंडला आलो की तुम्ही दोघं पाटीवर डोकं घालून बसलेले असायचात आणि कुणी उठून उभं राहायचं नाही. तो पहिलं कार्ड स्वतःच्या हातानं आईला लिहिपर्यंत तू परत जायचं नाव काढलं नाहीस. ते पाच आठवडे माझ्या सबंध नोकरीतले चांगले. हेही मी कुठं लिहिलं नाही, कारण असा रकाना नसतो.

मग श्रीनगर, तिथं कुटुंब नेता येत नव्हतं. सिकंदराबादला नेता आलं असतं, पण तोवर तू म्हणालीस, मध्येच वर्ग सोडून कसं येऊ. मग तेजपूर. कार्ड, पाकिटं, वर्षातनं एक रजा. आपला संसार टपालखात्यानं चालवला.

गेल्या दिवाळीत आलो होतो तेव्हा बाजारातनं येताना तू जिन्यावर मध्येच थांबलीस, कठड्याला धरून. मी काय झालं विचारलं.

''जिना उंच हाय,'' म्हणालीस. ''तुमी डोंगरावरनं आलासा, तुमास्नी काय कळतंय.''

मी हसलो. पिशवी तुझ्या हातातनं घेतली आणि पुढं चढलो. माझी नळी वरच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती. भरतीला आलेल्या पोरांच्या छातीला ती लावून, झडपेचा आवाज ऐकला की 'नापास' असं लिहिणारा माणूस मी. किती पोरांना तसं घरी पाठवलं असेन. त्या महिनाभरात ती नळी मी एकदाही खुंटीवरनं काढून तुझ्या छातीला लावली नाही. इथल्या डॉक्टरांनी मला परवा सगळं समजावून सांगितलं, की लहानपणीचा सांधे धरणारा ताप, त्यानं खराब झालेली झडप, वर्षानुवर्षं थकत आलेलं हृदय. ते मला समजावत होते आणि मी वर्गातल्या पोरासारखी मान हलवत होतो. ताराक्का म्हणाल्या, शाळेतनं आली की सातव्या पायरीवर वह्या घेऊन बसायची, 'हितं वारं लागतंय' म्हणायची. वह्या तपासून झाल्या की वर जायची. ''आमी म्हनलं, आसंल वारं,'' ताराक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

तार तेजपूरला मिळाली, तिथनं निघालो, पाचव्या दिवशी पोचलो. तोवर सगळं झालं होतं. तुझ्या भावानं केलं. मला कुणी काही बोललं नाही. लांबनं आलेल्या माणसाला देतात तसं आधी पाणी दिलं.

यमुताई सोळाव्या दिवशी आल्या. तुझ्या शाळेच्या हेडमास्तरीण. मी त्यांना दोन-तीनदाच बघितलं होतं. तुझा चष्मा आणि दोन पुस्तकं शाळेतल्या टेबलात राहिली होती ती घेऊन आल्या. ताराक्कांनी दिलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. बराच वेळ त्या मुलींचं सांगत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, ''डॉक्टर, मी ज्या खुर्चीवर बसते ना, ती तिची होती. तुम्हाला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. पण मला आता कुणाला तरी सांगायला हवं.''

मग त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी, जळिताच्या वर्षी, जुन्या हेडमास्तरीणबाई निघाल्या होत्या. खात्यानं शाळेतल्या शिक्षिकांकडनं अर्ज मागवले. सेवेत तू सगळ्यांत वरची. सगळे धरून चालले होते की तूच होणार. अट एकच होती, पाच वर्षं शाळा सोडणार नाही असं लिहून द्यायचं. मुदतीचा शेवटचा दिवस शनिवार. त्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर तू यमुताईंना थांबवून घेतलंस आणि म्हणालीस, तुम्ही अर्ज करा. त्यांनी कधी तसा विचारच केला नव्हता. त्या म्हणाल्या, मला स्वतःबद्दल दोन ओळी लिहिता येत नाहीत. तू म्हणालीस, तुम्ही सांगा, मी लिहिते. रिकाम्या वर्गात बसून तू त्यांना विचारत गेलीस आणि लिहीत गेलीस. त्यांनी कुठल्या वर्गात काय बदललं, शाळा सोडून गेलेल्या किती मुली घरोघर जाऊन परत आणल्या, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, आणि तुझा अर्ज? तू म्हणालीस, ''आमच्या ह्यांचं ठरत आलंय. मला त्यांच्याबरोबर जायला लागेल. लिहून देऊन मग शब्द मोडायचा, त्यापेक्षा नको.''

तो शनिवार. आणि दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी तू ट्रंक खाली काढलीस.

यमुताई गेल्यावर मी बराच वेळ त्या दोन दिवसांकडं बघत बसलो. मला दहा वर्षं वाटत होतं की तीन दिवसांच्या भांडणात मी जिंकलो आणि तू हरलीस, म्हणून ट्रंक निघाली. भांडणात तुझंही काही होतं हेच मला माहीत नव्हतं. तू गडहिंग्लज मागत होतीस ते माझ्यासाठी. स्वतःसाठी मागायचं ते तू बोललीच नाहीस. ते शनिवारी दुपारी संपवूनच तू घरी आलीस, आणि संध्याकाळी आपण काय जेवलो तेसुद्धा मला आठवत नाही. बरोबर जायचं म्हणून तू खुर्ची सोडलीस, आणि मी तुला बरोबर नेलंच नाही. मग तूच लिहून दिलेल्या अर्जावर हेडमास्तरीण झालेल्या बाईच्या हाताखाली दहा वर्षं भूगोल शिकवलास.

मला तुझा राग आला, हेही लिहितो. का सांगितलं नाहीस? एक वाक्य होतं. खिडकीत मी उभा असताना, 'न्हाई?' असं विचारण्याऐवजी तू म्हणाली असतीस, हाय, माझी हाय. मी काही राक्षस नव्हतो. थांबलो असतो. निदान ऐकलं असतं. तू न बोलून मला आयुष्यभरासाठी चोर करून ठेवलंस. काल दिवसभर मी या खोलीत फेऱ्या मारत तुझ्याशी असा भांडलो. खालून ताराक्कांनी दोनदा हाक मारली.

मग दुपारी केव्हातरी बसलो आणि स्वतःलाच विचारलं, मी तरी तुला कधी काही विचारलं होतं का? नाही. कागदासाठी तू मला शेकडो प्रश्न विचारलेस. त्याच सहा वर्षांत तू इथं काय करत होतीस, एकटी कशी राहिलीस, आजारी पडलीस तर पाणी कोण देत होतं, शाळेत तुझं काय चाललंय, यातला एकही प्रश्न मी तुला विचारला नाही. 'न्हाई?' या एका शब्दात तू मला जागा करून दिली होतीस. मी तिथं पाऊल टाकलं नाही.

वाटलं, हा हुद्द्याचा अर्ज करूच नये. नको म्हणून लिहून द्यावं. रात्रीपर्यंत ते ठरल्यासारखंच होतं. पण सकाळी उठल्यावर कळलं की तो नुसता राग आहे. तू ज्याच्यासाठी एवढं सोडलंस ते मी आता फेकून दिलं तर तुझ्या हाती काय येणार? म्हणून आज सकाळी लिहायला बसलो. तू विचारायचीस तसं एकेक स्वतःला विचारत गेलो. गेलो तेव्हा काय होतं, निघालो तेव्हा काय होतं. दोन ठिकाणी वाढवून लिहिलं गेलं, ते खोडलं. जोशी आता राहिले नाहीत. दुसऱ्या एका माणसाकडनं टाइप करून घेतलं, त्यानं काही विचारलं नाही, आणि टपालात टाकून आलो.

टपाल कचेरीतनं शाळा जवळच. यमुताईंनी जायच्या आधी एकदा येऊन जा म्हणून सांगितलं होतं. उद्या मी निघणार, तेव्हा गेलो. तुझा सातवीचा वर्ग होता. भूगोलाचा तास, आणि शिकवायला अजून कुणी नेमलेलं नव्हतं. यमुताई मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, मुलींनो, हे सुलोचनाबाईंचे डॉक्टर. सगळ्या उभ्या राहिल्या. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ''तेजपूरचे व्हय?''

मी हो म्हणालो.

तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणायला सुरुवात केली. मिरज, पुणे, कलकत्ता, दिमापूर, कोहिमा, इंफाळ. दुसऱ्या नावापासनं सगळा वर्ग तिच्याबरोबर होता, पाढे म्हणतात त्या चालीवर. झाशी, बेटवा नदी जवळ, ऊन फार, गहू आणि हरभरा. श्रीनगर, झेलमच्या काठी, भात, केशर, सफरचंद. सिकंदराबाद, खडकाळ जमीन, तलाव, ज्वारी. तेजपूर, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर, पाऊस फार, चहा. माझी सबंध नोकरी, क्रमानं, एकही गाव न चुकता. यमुताई हळूच म्हणाल्या, दर वर्षीच्या सातवीला ती हे पाठ करून घ्यायची, म्हणायची, रस्त्यानं शिकवलेला भूगोल मुली विसरत नाहीत.

तुझी कार्डं मला आठवली. तिथं काय पिकतं, नदी कुठल्या बाजूला वाहते, बायका डोक्यावरनं पाणी नेतात की कमरेवरनं. प्रत्येक कार्डात असंच. मी वैतागून एकदा लिहिलं होतं, माझी काही चौकशी करशील की नाही. तू उत्तरात लिहिलंस, तीच तर करते. मला ते कळलं नव्हतं. मी लिहून पाठवलेलं सगळं तू इथं आणून या पोरींच्या तोंडात ठेवत होतीस, आणि मी तिकडं समजत होतो की माझी इथं कुणाला आठवण नाही.

म्हणून झाल्यावर त्या पोरीनं विचारलं, ''आता फुडं कुठं बदली?''

मी म्हणालो, ''अजून कळलं नाही.''

''कळली की कार्ड टाका. तितं काय पिकतंय त्ये बी लिवा.'' मग थोडा विचार करून म्हणाली, ''मग तवर तेजपूरच म्हनतो आमी.''

''व्हय,'' मी म्हणालो. ''तवर तेजपूरच म्हणा.''

पोरी बसल्या. यमुताईंनी मला तुझ्या खुर्चीकडं हात केला, बसा म्हणून. मी तास संपेपर्यंत तिच्याशेजारी उभाच राहिलो.